कृपया हात लावावा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर मला विषय शोधावा लागला नाही. आठवी-नववीत चित्रकलेच्या बाईंनी आमच्याकडून 'जागेच्या पेट्या' करून घेतल्या. आज मी संग्रहालयांसाठी दालनं मांडण्याचं काम करते. या कामाची मुळाक्षरं मी त्या पेट्यांवर गिरवली.

बाईंचं सांगणं असं होतं: मुंबईतली तुमची एक खास जागा निवडा. तिचं चित्र काढू नका, ती खोक्यात उभी करा. कापड, पत्रा, माती, जुनी तिकिटं, फोटो, तारा, आवाज, जे मिळेल ते वापरा. मात्र पाहणाऱ्याचा हात लागल्याशिवाय पेटी पुरी होता कामा नये. आणि तो हात पेटीत तेच करेल, जे त्या जागेत गेल्यावर करतो.

हे शेवटचं वाक्य फार अवघड होतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत आम्ही स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र घोटून घोटून शिकलो होतो. तिथे सगळा भार डोळ्यांवर. इथे बाई विचारायच्या, 'त्या जागेत तुझा हात काय करतो?' आणि अख्खा वर्ग गप्प व्हायचा. घरी जाऊन लिहून आणायचं होतं: हाताला काय लागतं, कानावर काय पडतं, वास कशाचा येतो. चित्र नंतर.

पेट्या सुरू करण्याआधी त्या आम्हाला भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात घेऊन गेल्या. १८७२ साली उघडलेलं, मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. मातीच्या छोट्या मूर्ती आणि देखावे पाहताना आम्ही हरखून गेलो होतो. बाईंनी मात्र काचेकडे बोट दाखवलं. मुलांच्या उंचीवर बोटांचे ठसेच ठसे होते. परत आल्यावर त्यांनी अतुल दोडिया यांच्या कामाचे फोटो वर्गात फिरवले. घाटकोपरला वाढलेल्या या चित्रकाराने दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्रं रंगवली. शटर वर सरकवलं की मागे दुसरंच चित्र. लालबागच्या रस्त्यावर रोज सकाळी जो खडखडाट आम्ही ऐकत होतो, तो चित्राचा भाग होऊ शकतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

वर्गातल्या एकाने चाळीचा जिना केला. लाकडी पायऱ्या, खाली अंधार, आणि धरायला वरून सोडलेला खरा, हाताच्या घामाने काळा पडलेला दोर. दोर ओढून धरला तरच वरच्या मजल्यावरचा दिवा लागायचा. तेव्हा बाईंनी सांगितलं की पिकासोने १९१२ साली एका चित्राला चौकटीऐवजी दोरच लावला होता आणि वेताच्या विणीचं छापील कापड चिकटवलं होतं. मिश्रमाध्यमाचा इतिहास आम्हाला असा, समोरच्या खोक्याला धरून मिळाला.

एका मुलीचं आजोळ वेसाव्याचं. तिने बांबूच्या काड्यांची वलांडी, म्हणजे मासळी सुकवायची मांडणी, उभी केली आणि कागदाचे बोंबील केले. बोंबील सुकवताना दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडीने टांगतात. तिने जबड्यांना तांब्याची पट्टी लावली होती. पाहणाऱ्याने जोडी नीट अडकवून टांगली की तिच्या आजीचा आवाज यायचा. जबडे नीट अडकले नाहीत तर आवाज नाही. कितीतरी पालक तिथे खोळंबून राहिले. कोळणीच्या बोटांत किती कसब असतं, ते त्यांना आपल्या बोटांनी समजत होतं.

माझी आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीची पेटी गिरणीच्या भोंग्याची होती. तिचे आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि ते पुन्हा आत गेले नाहीत. बटण दाबलं की भोंगा वाजेल, असं आम्ही कागदावर मांडलं. बाईंनी कागद पाहिला आणि विचारलं, 'भोंगा कामगाराच्या हातात होता का?'

मला आजही हा प्रश्न शाळेत ऐकलेला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो. भोंगा कुणाच्या सोयीने वाजत नसे. तो वाजला की माणूस उठे. मग आजोबांचा हात काय करी? आम्ही त्यांनाच विचारलं. म्हणाले, डबा उचलायचा आणि चालायला लागायचं.

तोवर शाळेला एका माजी विद्यार्थ्याने मेकी मेकी नावाचं सर्किट भेट दिलं होतं. एमआयटी मीडिया लॅबमधल्या दोघांनी ते तयार केलं. संगणकाला ते कीबोर्डच वाटतं, आणि वीज वाहून नेणारी कुठलीही वस्तू त्याची कळ होते. आम्ही पेटीच्या तळाला तांब्याच्या दोन पट्ट्या लावल्या: एक सर्किटच्या 'अर्थ'ला, दुसरी स्पेसबारच्या जागी. त्यांवर आजोबांचा पितळी डबा ठेवला. डबा बसलेला असेपर्यंत कळ दाबलेली राहते आणि संगणकावर स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंग भाषेत बसवलेला आवाज चालू राहतो; डबा उचलला की बंद. भोंगा वाजतच असायचा, पाहणाऱ्याला तो फक्त डबा उचलून थांबवता येत होता. खरा भोंगा कुठून आणणार? आजोबांनी तो स्वतःच्या गळ्यातून काढला, आम्ही मोबाइलवर धरला. प्रदर्शनात वस्तीतली म्हातारी माणसं आली, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. डबा उचलताना एक गृहस्थ म्हणाले, 'रातपाळीचा याहून लांब वाजायचा.' आम्ही तो लांब करून घेतला.

आता माझ्या व्यवसायात जो तो टचस्क्रीन मागतो. मी शक्य तिथे विरोध करते. किल्ला असो, देऊळ असो की बंदर, बोट काचेवर सरकवायचं असेल तर तिन्ही जागा हाताला सारख्याच लागतात. तंत्र वाईट नाही; आमच्या पेटीतही तेच होतं, पण ते डब्याखाली होतं.

यंदा आठवीच्या मुलांसाठी पेट्यांची कार्यशाळा घ्यायला मी शाळेत आले. एक मुलगी वरळीच्या बीडीडी चाळीतून नुकतीच टॉवरमध्ये राहायला गेली आहे, १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. घर तिला मनापासून आवडतं. तरी तिने जागा निवडली ती दाराची. चाळीत दार दिवसभर उघडं असे, हात लावायची वेळच येत नसे. आता बेल वाजवून उभं राहावं लागतं. तिच्या पेटीला दार आहे आणि बेलही. बेल दाबल्यावर दार लगेच उघडत नाही.

संध्याकाळी मी बाईंना फोन करून हे सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं, 'किती वेळ थांबायला लावते?'

वीस सेकंद, मी म्हटलं. बाई म्हणाल्या, 'तीस करायला सांग.'