सुनेला रडवणारा बटाटा आणि पेरूतले पाच दिवस

जूनमध्ये आम्ही दोघं पेरूला जाऊन आलो तेव्हापासून भेटेल तो तेच विचारतोय, व्हिसा कुठून काढलात, खाल्लं काय, दम लागला का, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. आम्ही पन्नाशीच्या आसपासची माणसं, सिंहगड महिन्यातून एकदा चढतो एवढीच काय ती तयारी, त्यामुळे फार शूर लोकांसाठी हे लिहिलेलं नाहीये.

भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याच्याकडे जाणारच होतो. तिथून पेरूची राजधानी लिमा, आणि लिमाहून सव्वा-दीड तासाच्या विमानाने डोंगरातलं कुस्को. पेरूच्या व्हिसाचं टेन्शन होतं पण ते फुसकं निघालं, कारण भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा किंवा शेंगेनचा व्हिसा असेल आणि तो किमान सहा महिने शिल्लक असेल तर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. तरी निघायच्या आधी नियम बदललाय का ते एकदा बघून घ्या. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे यलो फीवरची लस. पेरूहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणार असाल तर आपल्याकडे ते पिवळं कार्ड मागतात, नसेल तर क्वारंटाईन. आम्ही मधे भावाकडे राहणार होतो तरी मुंबईला जाऊन टोचून आलो. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि कार्ड जन्मभर चालतं.

टूर ऑनलाईन बुक केली, पाच दिवस चार रात्री, छोटा ग्रुप, त्यातली एक रात्र गावात कोणाच्या तरी घरी. एजन्सीचं नाव लिहीत नाही कारण त्यांच्या दोन चुका सांगायच्या आहेत.

पहिली चूक उंचीची. कुस्को 3,400 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त, आणि तुम्ही तिथे समुद्रसपाटीवरून थेट विमानाने उतरता. म्हणून शहाणी माणसं उतरल्या उतरल्या खाली सेक्रेड व्हॅलीत जातात, उरुबांबा नदीच्या खोऱ्यात, ते 2,800 ते 2,900 मीटरवर आहे, आणि कुस्को शेवटी बघतात. मी ईमेलमध्ये तीनदा लिहिलं होतं की आधी खाली न्या. त्यांनी नेलं खालीच, पण जाता जाता वाटेवर आहे म्हणून चिंचेरोला थांबवलं, जे कुस्कोपेक्षाही उंच आहे, साधारण 3,760! ह्यांनी गाडीतून उतरून वीस पावलं टाकली आणि भिंतीला टेकून खालीच बसले. मला डोकं गच्च आवळल्यासारखं झालं होतं. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या डायमॉक्सच्या गोळ्या मी सुरू केल्या होत्या, ह्यांनी "मला नाही काही होत" म्हणून घेतल्या नव्हत्या. उलटी झाल्यावर घेतली. गाईड पोरगा चांगला होता, त्याने मुन्या नावाचा पाला हातावर चोळून हुंगायला दिला, पुदिन्याच्या जवळपासचा वास, आणि कोकाच्या पानांचा चहा पाजला. हा चहा तिथे चहासारखाच सगळीकडे मिळतो पण पानं किंवा टी-बॅग अमेरिकेत आणायची नाही, बेकायदेशीर आहे.

पण चिंचेरोला बसून राहावं लागलं ते एका अर्थी बरंच झालं. विणकाम करणाऱ्या बायकांचं अंगण होतं, बाकीचे फोटो काढत फिरले आणि मी तासभर एकीच्या समोर बसून होते. तिने निवडुंगाच्या पानावरचा पांढरा बुरशीसारखा ठिपका नखाने काढला आणि माझ्या तळहातावर चिरडला, तर एकदम रक्तासारखा लाल. तो कोचिनील किडा. मग त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले, नारिंगी झाला. मग चिमूटभर कसली तरी पूड टाकली, जांभळा. माझा तळहात दोन दिवस रंगलेला होता. माग म्हणजे काय, तर एक टोक खांबाला बांधलेलं आणि दुसरं तिच्याच कमरेला, ती मागे झुकली की ताणा ताठ, पुढे झाली की सैल, आणि धागे ठोकायला लामाचं हाड, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. त्याच चिंचेरोच्या पठारावर आता मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधतायत. गाईड म्हणाला घराघरात त्यावरून भांडणं आहेत, कोणाला जमिनीचे पैसे मिळाले, कोणाला भीती आहे की सगळं जाईल.

दुसऱ्या दिवशी मोराय आणि मारास. मोरायला जमिनीत गोल गोल पायऱ्या खोदल्यासारखी शेतं आहेत, वर आणि तळाला तापमानात फरक पडतो, म्हणून काही लोक म्हणतात ही इंकांची, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी इथे राज्य करणाऱ्यांची, शेतीची प्रयोगशाळा होती. मारासची मिठागरं बघताना मात्र उरणची आठवण येते, फक्त इथे समुद्र नाही, डोंगरातून खाऱ्या पाण्याचा एक झरा येतो तो हजारो वाफ्यांत खेळवलाय आणि वाफे गावातल्या कुटुंबांचे आहेत. आता आत चालू देत नाहीत, वरूनच बघायचं. तिकिटांचं एक सांगते, चिंचेरो, मोराय, ओयांतायतांबो आणि पिसाक ह्या चौघांचं मिळून एकच तिकीट मिळतं, आम्हाला 70 सोलेस (सोल हे पेरूचं चलन) पडलं, पण ते दोनच दिवस चालतं. आमचं पिसाक चौथ्या दिवशी होतं त्यामुळे दहा दिवसांचं 130 वालं घ्यावं लागलं असतं, हे आम्हाला 70 वालं घेऊन झाल्यावर कळलं. रोख पैसे ठेवा, कार्डाच्या भरवशावर राहू नका. मारास ह्यात येत नाही, तिथे वेगळे पैसे.

ओयांतायतांबो मला सगळ्यात आवडलं. गाव अजून इंकांनी आखलेल्या गल्ल्यांमधेच राहतं, रस्त्याच्या कडेने पाण्याचे पाट वाहतायत. वर चढून गेलं की सहा अवाढव्य गुलाबी शिळा उभ्या आहेत, त्या नदीपलीकडच्या डोंगरावरच्या खाणीतून आणल्या, म्हणजे डोंगर उतरवून, नदी ओलांडून, परत चढवून. वाटेत सोडून दिलेल्या काही शिळा अजून पडून आहेत, त्यांना तिथे दमलेले दगड म्हणतात. त्या क्षणी मी पण त्यातलीच एक होते. ह्याच ठिकाणी इंकांचा राजा मांको इंका ह्याने स्पॅनिश सैन्याला मागे हटवलं, खालच्या मैदानात पाणी सोडून घोडे अडवले. किल्ला लढवणं ज्यांच्या रक्तात आहे त्यांना इथे उभं राहिल्यावर कोणी समजावून सांगावं लागत नाही.

माचू पिचूबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय, मी फक्त दुसरी चूक सांगते. 2024 पासून तिथे तीन सर्किट केलीत आणि त्यात दहा वाटा, तुमच्या तिकिटावर जी छापली असेल तेवढीच वाट, आत गेल्यावर बदलता येत नाही आणि मागे फिरता येत नाही. आपण सगळ्यांनी बघितलेला तो कॅलेंडरवरचा फोटो पहिल्या किंवा दुसऱ्या सर्किटवरून मिळतो. एजन्सीने आमचं तिसरं काढलं होतं, खालच्या अंगाचं. दगडाचं काम अगदी जवळून दिसलं, सुईसुद्धा जाणार नाही असे सांधे, पण तो फोटो नाही! ह्यांनी गेटवरच्या माणसाशी मराठीत वाद घातला. काही उपयोग झाला नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी तिकिटावर सर्किट कुठलं ते लेखी घ्या, मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, कारण गेटवर आणि रेल्वेत दोन्हीकडे बघतात, आणि टॉयलेटला आधी जाऊन या, आत नाहीये.

आता गाव. चौथ्या दिवशी पिसाकचे अवशेष बघून गाडी वर वर चढत गेली, 3,800 मीटरच्या आसपास. पिसाकच्या वरच्या ह्या भागात केचुआ, म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या, काही गावांनी मिळून बटाट्याचं राखीव क्षेत्र केलंय, पार्के दे ला पापा, तेराशेच्या वर वाण आहेत म्हणतात. 2004 मध्ये लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी करार झाला आणि गावांतून नाहीसे झालेले शेकडो वाण त्यांना परत मिळाले. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो ती सत्तरीची आजी, तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मातीच्या विटांचं घर, कौलांच्या मधोमध दोन मातीचे बैल आणि क्रॉस. पाहुणे पाळीपाळीने घरोघरी देतात, सगळे पैसे एकाच घरात जाऊ नयेत म्हणून. शेतीतही तसंच, आज तू माझ्या शेतावर, उद्या मी तुझ्या, त्याला ते आयनी म्हणतात. मी म्हटलं अरे ही तर सावड, तर हे म्हणाले तुला सगळीकडे आपलंच दिसतं.

पण मग रात्री चुलीपाशी जे झालं त्याला ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. गाईड आम्हाला त्यांची केचुआ भाषा शिकवत होता. वासी म्हणजे घर, वासिपी म्हणजे घरात, वासिमांता म्हणजे घरातून. सरळ आपले विभक्ती प्रत्यय! आणि क्रियापद शेवटी. मग तो म्हणाला आता अवघड आहे, पाहुण्यांना हे कधीच पटकन कळत नाही, आमच्याकडे इंग्रजीतल्या 'वी' (we) साठी दोन शब्द आहेत, एकात समोरचा माणूस धरलेला असतो आणि एकात नसतो, न्योकांचिस आणि न्योकायकु. ग्रुपमधलं ते कॅनडाचं जोडपं वहीत बाण काढायला लागलं. मी म्हटलं, आपण आणि आम्ही. गाईडने दोनदा विचारलं खरंच का, आणि मग आजीला सांगितलं. आजीने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलली आणि माझ्या ताटलीत अजून दोन बटाटे टाकले.

जेवणाचं म्हणाल तर मी शाकाहारी. नुसतं व्हेजिटेरियाना म्हणून भागत नाही, चिकन म्हणजे मांस नाही अशी बऱ्याच ठिकाणी समजूत आहे आणि सूप कोंबडीच्या पाण्यात असतं, म्हणून स्पॅनिशमधलं सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो (मांस, कोंबडी, मासे नकोत) असं पाठच करून गेले होते. चुलीमागे गिनीपिग पळत होते, ते हौसेने पाळलेले नव्हेत, ते जेवण. माझ्यासाठी किन्वाचं सूप आणि हिरवी चटणी. रात्री शून्याखाली गेलं, अंगावर चार घोंगड्या, संडास अंगणाच्या पलीकडे. त्याला जायला बाहेर पडले तर आकाशगंगा इतकी खाली आली होती की मी थंडी विसरले. हे लोक चांदण्यांचे आकार बघतात तसे चांदण्यांमधल्या काळ्या डागांचेही बघतात, त्यातला लामा गाईडने दाखवला होता, तो मला परत एकटीला सापडला.

सकाळी उताराच्या गवतावर रात्रभर गारठायला ठेवलेले बटाटे पसरलेले होते. सगळी पायांनी ते तुडवत होती, पाणी निघून जातं, मग उन्हात, मग परत रात्री थंडीत, असं करून त्याचा चुन्यो होतो, वर्षानुवर्षं टिकतो. वाळवणच, फक्त आपलं उन्हाचं आणि ह्यांचं बर्फाचं. मी पण चप्पल काढून तुडवले, पायाची बोटं बधिर झाली, नातवंडं हसून लोळली. दुपारी शेतातच ढेकळांची भट्टी रचली, आत जाळ केला, ढेकळं लाल झाल्यावर बटाटे आत टाकून सगळी भट्टी वरून फोडून दाबून टाकली. हुआतिया म्हणतात. अलिबागकडची पोपटी खाल्ली असेल त्यांना तो मातीचा आणि धुराचा वास कळेल.

भट्टी निवेपर्यंत सुनेने मला एक बटाटा दिला. बटाटा कसला, अननसाचं पिल्लू, सगळीकडे गाठी आणि खाचा. नाव काचुन वाकाची, म्हणजे सुनेला रडवणारा. नवी सून आली की सासू हा सोलायला देते, साल पातळ निघाली आणि गर वाया गेला नाही तर पसंत. हातात सुरी दिली. दहा मिनिटं मी घाम गाळला आणि शेवटी उरला तो लिंबाएवढा गोळा, बाकी सगळा सालीत. आजीने सालींचा ढीग उचलून बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि केचुआत एकच शब्द बोलली. सून तोंडावर पदर घेतल्यासारखी शाल घेऊन हसायला लागली. गाईडने भाषांतर करायला नकार दिला.

पुण्याला आल्यावर सासूबाईंना फोटो दाखवून सगळं सांगितलं. त्यांनी फोटो मोठा करून नीट बघितला आणि म्हणाल्या, कच्चा कशाला सोलत बसलीस, उकडून घ्यायचास ना.