आधी फ्रेमच्या कडा बघा

गोदाघाटावर फोटो काढायला नवीन मुलं येतात ना, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, बॅकग्राउंड ब्लर कसं करायचं. मला ते पटतच नाही. अरे घाटावर येऊन घाटच पुसायचा असेल तर गच्चीवर काढा की फोटो! रामकुंडाशी एकाच वेळी कुणी डुबकी मारतंय, कुणी पिंडदानाला बसलंय, कुणी ओलं लुगडं पिळतंय आणि मागे दुतोंड्या मारुती, ज्याच्या कुठपर्यंत पाणी चढलं यावरून अख्खं नाशिक पूर मोजतं. हे सगळं एकमेकाला खेटून आहे म्हणून तर तो घाट.

मी 35 एमएमची लेन्स लावते, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफ 8 किंवा 11 असं बारीक ठेवते, म्हणजे जवळचं लांबचं दोन्ही नीट दिसतं. आधी जागा ठरवायची, माणूस नंतर येतोच. मग चारही कडांवरून नजर फिरवायची, कुणाचं कोपर अर्धं कापलं जातंय का, फ्लेक्सचा कोपरा घुसतोय का, मारुतीच्या डोक्यातून खांब उगवलाय का. अर्धं पाऊल सरकलं की खांब बाजूला होतो. गर्दीत खरी मेहनत हीच आहे, एका माणसाची आउटलाइन दुसऱ्यात मिसळू द्यायची नाही, मध्ये बोटभर फट दिसलीच पाहिजे.

बुधवारच्या बाजारात बघा. भाजीवाल्या मावशी तागडी उचलतात, दांडी अजून तिरपी असते, पारडी हलतायत, आणि त्या दांडीखालच्या मोकळ्या जागेत मागून डोक्यावर पाटी घेतलेला माणूस बरोबर येऊन बसतो. तेव्हा क्लिक करायचं. दांडी सरळ झाली की संपलं, मग तो नुसता बाजाराचा फोटो.

हे शिकायचं तर रघुबीर सिंग (1942–1999) बघा, खरंच बघा. आर्ट फोटोग्राफी म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटच असं मानायचे त्या काळात हा माणूस रंगीत फिल्मवर भारत टिपत होता, फ्रेम खच्चून भरलेली पण नजर कुठे गुदमरत नाही. अ‍ॅम्बेसेडरचं दार, आरसा, काच यांनीच एका फोटोत तीनचार चौकटी पाडायचा.

आणि रंगाचं म्हणाल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवणारं कॅमेऱ्याचं सेटिंग, ऑटोवर नको, डेलाइटवर ठेवा. फ्रेमभर शेंदूर असला की ऑटो त्याला फिका करून टाकतो, मग एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन कितीही ओढा, तो आपला मारुती वाटत नाही.