चौथ्यांदा मागचंच चाक, पण या वेळी चोर सापडला

आमची टँडेम, म्हणजे दोघांनी पुढे-मागे बसून चालवायची सायकल, पुन्हा पंक्चर झाली, पण टायर निर्दोष होता. गेल्या वेळी त्या बिचाऱ्याला नाही नाही ते बोलले होते, ते सगळं परत घेते.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. चढाबद्दल फार लिहीत नाही. पुढे २६ दात्यांची, मागे ३४ दात्यांची चकती ही जोडी अखेर बसवली. पायडलच्या एका फेऱ्यात गाडी जेमतेम १.६५ मीटर सरकते, म्हणजे मिनिटाला ७० फेरे मारले की ताशी ७ किमी. एवढ्या कमी वेगात टँडेम झोके खाते, तरी घाट संपेपर्यंत दोघांपैकी एकानेही पाय टेकला नाही! माथ्यावर ११ वाजले, पारा ३९, आणि सावली फक्त आमच्या दोघांची.

मग उतार. सहाव्या वळणापासून मला रिमवर घासणाऱ्या ब्रेक पॅडचा जळका वास यायला लागला. स्टोकरला, म्हणजे मागे बसणाऱ्या मला, तो आधी येतो; कॅप्टन, म्हणजे पुढे हँडल सांभाळणारा नवरा, वाऱ्यात असतो. सातव्यावर फाट्‌ करून आवाज.

"बसलं," नवरा म्हणाला. मागे वळूनही न बघता.

टायरवरचं नाव मी नेहमी व्हॉल्व्हपाशी आणून बसवते, ते इथे कामाला आलं. ट्यूब बाहेर काढून टायरशी जुळवली तर भोक रस्त्याच्या बाजूला नाहीच, आतल्या बाजूला, रिमकडे. रिमला बोट लावलं आणि तसंच झटकलं. बाटलीतला एक थेंब सोडला तर चर्र झालं. म्हणजे शंभराच्या वर. निवल्यावर रिमची टेप, म्हणजे ट्यूबखाली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी, नीट पाहिली. स्पोकच्या प्रत्येक भोकापाशी अंगठ्याने दाबल्यासारखी वाटी झाली होती, आणि व्हॉल्व्हपासून चौथ्या वाटीचा तळ फाटलेला. त्यातून ट्यूब फुग्यासारखी आत गेली आणि भोकाच्या धातूच्या कडेवर चिरली. आधीच्या तिन्ही ट्यूब घरी आल्यावर काढून बघितल्या. तिन्हींना भोक आतल्याच बाजूला. मी मात्र दर वेळी टायरमध्ये काटे शोधत बसले होते.

दाब वाढून ट्यूब फुटते असं मीही मानत होते. पण आतली हवा ६० अंशांनी तापली तरी दाब ८५ चा १०४ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) होतो, तेवढं टायर सहज झेलतो. मऊ पडते ती प्लास्टिकची टेप. चाक बांधून देणाऱ्याने "सगळे हीच वापरतात" म्हणून ती लावली होती. सगळे एकेकटे चालवतात हो! आमची सामानासकट १७५ किलो वरात, आणि रिम दोनच.

रिम निवेपर्यंत दुसरं काम नव्हतं, म्हणून हिशेब मांडला. ८ टक्के उतारावर ताशी २५ चा वेग धरून ठेवायचा तर ब्रेकवर ८०० वॉटच्या आसपास पडतात. इस्त्री चालू ठेवून उतरण्यासारखंच. १० च्या वेगाला तेच ३५० च्या घरात. खालपर्यंतची एकूण उष्णता जवळपास तेवढीच, पण ती निघून जायला अडीचपट वेळ मिळतो. सरळ रस्ता असता तर गाडी सोडून दिली असती, वाऱ्यानेच अर्धं काम केलं असतं. वळणावळणाच्या घाटात ती चैन नाही.

पंपाला गुंडाळून ठेवलेली धाग्यांची पॅकिंग टेप काढली आणि रिमवर दोन फेरे दिले. व्हॉल्व्हचं भोक चाकूच्या टोकाने पाडलं. मग ८५ भरताना नवऱ्याचे दोन्ही हात गेले. खिशात मावणारे पंप शोभेचे असतात, हे मी तिसऱ्यांदा सांगते आहे. पाय ठेवायची पट्टी आणि नळी असलेलाच घ्या. उरलेला उतार १० च्या वेगाने, दर दोन वळणांनी थांबून, रिमवर थेंब टाकत उतरलो. चर्र झालं की दहा मिनिटं बसायचं. चाक टिकलं.

घरी आल्यावर दोन्ही रिमना कापडी चिकट टेप लावली, व्हेलॉक्सची, भोकं पूर्ण झाकतील एवढी रुंद. पुढचा बेत मागे ड्रम ब्रेक बसवायचा होता, म्हणजे उष्णता रिमवर पडणार नाही. पण अराई कंपनीचे ड्रम आता बनत नाहीत आणि जुने कुणी हातचे सोडत नाही. डिस्क ब्रेकसाठी मागचं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, बदलावं लागेल, फ्रेमला ब्रेक अडकवायची जागाही हवी.

आणि हे लिहितानाच सुचलं. मागचा ब्रेक स्टोकरकडे का नको? वास आधी मला येतो. शिवाय कॅप्टनच्या हँडलपासून मागच्या चाकापर्यंतची ती लांबलचक केबल, लिव्हर दाबला की बराच जोर तिच्यातच जिरतो. माझ्या हँडलवरून ती कितीतरी आखूड होईल.

नवऱ्याला सांगितलं. "मग मी पुढे बसून काय करू?"

"वळणं घे."

तो अजून विचार करतोय. मी केबल मोजून ठेवली आहे.