रवांडाचे पाणी पूर्वेलाच का जाते?

रवांडाचा नकाशा नुसता चाळणाऱ्याला असे वाटण्याची शक्यता फार आहे की, पश्चिम सीमेवर किवूसारखे विस्तीर्ण सरोवर असल्यामुळे देशातले बहुतेक पाणी त्यालाच मिळत असणार. प्रत्यक्षात घडते ते नेमके उलट. किवूच्या काठालगत उत्तर-दक्षिण पसरलेली उंच डोंगररांग हा काँगो आणि नाईल या दोन महानद्यांमधला जलविभाजक, म्हणजे पावसाचे पाणी दोन बाजूंना वाटून देणारा कणा आहे, आणि २६,३३८ चौरस किलोमीटरच्या या देशाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग तिच्या पूर्वेला, म्हणजे नाईलच्या खोऱ्यात येतो. देशातले सुमारे ९० टक्के पाणी तिकडेच जाते.

पश्चिम उताराच्या वाट्याला त्यामुळे आखूड आणि तीव्र उताराच्या नद्या आल्या. पाऊस कोसळला की त्यांना फुगायला फारसा वेळ लागत नाही. मे २०२३ मध्ये सेबेया नदी पात्राबाहेर पडली आणि देशाच्या पश्चिम व उत्तर भागांत पूर व दरडींमुळे १३० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. किवूचे स्वतःचे पाणी एके काळी उत्तरेला एडवर्ड सरोवराकडे, म्हणजे नाईलकडेच जात असे. विरुंगा ज्वालामुखींच्या लाव्हारसाने ती वाट बुजवल्यावर सरोवराची पातळी चढली आणि पाणी दक्षिणेकडून रुझिझी नदीवाटे टांगानिका सरोवरात व तेथून काँगोत जाऊ लागले.

पूर्वेची कहाणी मात्र सावकाश आणि वळणावळणाची आहे. नैर्ऋत्येकडील न्युंग्वेच्या जंगलाकडून येणाऱ्या म्वोगो आणि म्बिरुरुमे या नद्यांच्या संगमातून न्याबारोंगो नदी तयार होते. ती आधी जलविभाजकाला समांतर बरेच अंतर उत्तरेला जाते, मुकुंग्वा नदी मिळाल्यावर एकदम वळून आग्नेयेची वाट धरते आणि राजधानी किगालीला वळसा घालून, अकान्यारू नदीला पोटात घेऊन, अकागेरा या नावाने पुढे व्हिक्टोरिया सरोवराकडे, म्हणजे नाईलच्या दिशेने निघते. खचदरीची, म्हणजे जमीन खचून झालेल्या पश्चिमेकडील लांब दरीची, कड उचलली गेल्यामुळे या साऱ्या प्रदेशातल्या नद्यांच्या वाटा उलटसुलट झाल्या, हे लक्षात घेतले की हा लांबलचक वळसा तितकासा विचित्र वाटत नाही. न्युंग्वेतलाच रुकारारा हा प्रवाह नाईलचा खरा उगम असल्याचे जर्मन शोधप्रवासी रिखार्ड कांट यांनी १८९८ मध्ये मांडले होते. बुरुंडीचाही असाच दावा आहे, आणि मला तरी हा वाद भूगोलापेक्षा प्रतिष्ठेचाच अधिक वाटतो.

त्यापेक्षा रुगेझीकडे पाहावे. उत्तरेच्या डोंगराळ भागातील या पाणथळ प्रदेशातून पाणी झिरपत बुरेरा सरोवरात येते, तेथून न्तारुका जलविद्युत केंद्राच्या यंत्रांवरून रुहोंडो सरोवरात उतरते आणि मग मुकुंग्वावाटे न्याबारोंगोला मिळते. शेतीसाठी चर खणून रुगेझी कोरडी करण्याचा उद्योग वाढत गेला, पाणी धरून ठेवणारा हा दलदलीचा साठा आटला, बुरेराची पातळी खाली गेली आणि २००३-०४ च्या सुमारास न्तारुकाची वीज इतकी घटली की राजधानीत अंधाराची वेळ आली. पाऊस कमी होता हे खरे, पण धरणाच्या भिंतीपेक्षा वरची दलदल अधिक मोलाची असते हे तेथे प्रत्यक्ष मेगावॅटमध्ये दिसले. सरकारने तेथील शेती थांबवली, चर बुजवले, आणि पाणी हळूहळू परत आले.

न्याबारोंगोचे नाव इतिहासात वेगळ्याच कारणाने काळवंडले आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये लेओं मुगेसेरा या राजकारण्याने देशातील तुत्सी या अल्पसंख्य समाजाला या नदीवाटे इथिओपियाला परत धाडण्याची भाषा केली. हे पाणी इथिओपियात जातच नाही, पण द्वेषाला भूगोल लागत नाही. १९९४ च्या तुत्सींच्या वंशसंहारात खरोखरच हजारो मृतदेह अकागेरातून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत वाहत गेले. मुगेसेराला २०१६ मध्ये जन्मठेप झाली.

टांझानियाच्या सीमेवर रुसुमो येथे, बुरुंडीतून येणारी रुवुबू नदी मिळाल्यानंतर लगेच अकागेरा धबधब्याच्या रूपाने खाली उतरते. एप्रिल १९९४ च्या अखेरीस याच धबधब्याजवळच्या पुलावरून एका दिवसात सुमारे अडीच लाख निर्वासित पलीकडे गेले होते. आता तेथे रवांडा, बुरुंडी आणि टांझानिया यांचा ८० मेगावॅटचा सामायिक जलविद्युत प्रकल्प उभा असून त्याची वीज तिन्ही देशांत समान वाटली जाते. पुढे नदी सीमेसीमेने उत्तरेला जाते आणि तिच्या पश्चिम काठाने इहेमासारखी उथळ सरोवरे व पॅपिरसच्या दाट दलदली लागतात. वरच्या टेकड्यांवरून वाहून आलेला तांबूस गाळ त्या बऱ्याच अंशी गाळून घेतात, म्हणून व्हिक्टोरियाला पोहोचणारी अकागेरा किगालीजवळच्या न्याबारोंगोइतकी गढूळ नसते.