आठ खुर्च्यांच्या जिवावर

आमच्या कंपनीत माणसं तीन: मी, काकासान (माझे निवृत्त जपानी सहकारी) आणि गेल्या वर्षी रुजू झालेली एक मुलगी. काम म्हणाल तर संध्याकाळी चार पाहुण्यांना घेऊन टोकियोच्या गल्लीबोळांतल्या छोट्या बारमध्ये जायचं, त्यांना बसवायचं, काय मागवायचं ते सुचवायचं, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी बोलणं सुरू करून द्यायचं आणि मग स्टेशनवर आणून सोडायचं. सांगलीत हे सांगताना मला अजून जपून बोलावं लागतं. 'बार' म्हटल्यावर आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं ते वेगळं सांगायला नको. सासूबाई चारचौघांत "सून जपानात टूरिझममध्ये आहे" एवढ्यावर विषय मिटवतात, आणि मीही कधी त्यात भर घातलेली नाही.

हे बार कसे असतात ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. शिंजुकूतलं गोल्डन गाई घ्या. काबुकिचो या रात्री जागणाऱ्या वस्तीच्या कडेला, हानाझोनो देवळाच्या शेजारी सहा अरुंद गल्ल्या आणि त्यांत दोनशेहून जास्त बार. एकेका बारची जागा शंभर-सव्वाशे चौरस फूट; आपली चाळीतली खोलीही त्यापुढे ऐसपैस वाटावी. एक काउंटर, त्यामागे एकच माणूस, म्हणजे मास्टर, नाहीतर बाई असेल तर मामा-सान, आणि पुढे सात-आठ खुर्च्या. भाडं, वीज, बर्फ आणि मालकाचं घर, सगळं त्या खुर्च्यांवर चालायचं. म्हणून बसण्याचे पैसे वेगळे लागतात. गोल्डन गाईत ते ५०० येनपासून हजारापर्यंत, कधी त्याहून जास्त. बऱ्याच ठिकाणी त्यात न मागवता एक छोटी वाटी समोर येते, तिला ओतोशी म्हणतात. "हे आम्ही सांगितलंच नव्हतं," म्हणून ती परत करायला निघालेले पाहुणे मी भरपूर पाहिलेत.

पण मालकाचा खरा आधार असतो रोजचं गिऱ्हाईक. तो अख्खी बाटली विकत घेतो, तिच्यावर त्याचं नाव पडतं आणि ती मागच्या फळीवर राहते. तो आला की बाटली खाली येते, बर्फ-पाणी येतं, गप्पा सुरू होतात. आता समजा, अशा ठिकाणी चार परके लोक शिरले, निम्म्या खुर्च्या अडवल्या, एकेक बिअर घेऊन दीड तास बसले आणि फोटो काढत राहिले. रोजचा माणूस दार उघडतो, जागा नाही असं बघतो आणि पुढच्या बारकडे वळतो. मालकाची ती संध्याकाळ गेली. तो माणूसही कदाचित गेला. बाहेर 'फक्त सभासदांसाठी' अशी पाटी दिसली की पर्यटकांना राग येतो, पण पाटीमागचा हिशेब हा असतो.

मी २००७ मध्ये नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीपायी टोकियोत आले. राहायला निशी-कासाई, म्हणजे एदोगावा वॉर्डातला तो भाग, जिथे स्टेशनबाहेर उभं राहिलं तर मराठी कानावर पडतंच. वॉर्डाच्या स्वयंसेवकांच्या वर्गात जपानी शिकले, परीक्षा दिल्या, मग एका छोट्या छपाईच्या कंपनीत अनुवादाचं काम मिळालं. काकासान तिथलेच. तेव्हा अर्थातच त्यांना आडनावाने हाक मारायची. 'काका' त्यांना पुढे आपल्या पाहुण्यांनी केलं आणि 'सान', म्हणजे जपानी 'जी', त्यांनी स्वतः जोडून घेतलं.

ऑफिस सुटल्यावर ते ज्या बारमध्ये जात, तिथे कधीकधी आम्हा दोन-तीन जणांना नेत. मी एक लेमन सावर (लिंबू-सोडा घातलेली जपानी दारू) घेऊन बसायची. तिथली माणसं काकासानना तीस-तीस वर्षं ओळखत होती. १९८०च्या दशकात जमिनीचे भाव भडकले, तेव्हा गोल्डन गाई रिकामं करून घ्यायला दलाल टपले होते. आगी लागायला लागल्या, तेव्हा इथल्या लोकांनी रात्रीची गस्त सुरू केली. काकासान तेव्हा तिशीच्या आतले, आपल्या मास्टरसोबत तेही गस्तीला जायचे. असा माणूस दार उघडून आत शिरला की मागच्या चौघांकडे कुणी संशयाने बघत नाही. ही एकच गोष्ट आमच्याकडे भांडवल म्हणून होती, आणि ती माझी नव्हती, त्यांची होती.

धंद्याचा विचार डोक्यात बरेच दिवस घोळत होता, पण वाटेत कायदा होता. पैसे घेऊन परदेशी भाषेत पर्यटकांना फिरवायचं तर सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागे, आणि ती परीक्षा ठरावीक दहा भाषांतच व्हायची. त्यांत मराठी सोडा, हिंदीही नाही. जानेवारी २०१८ पासून ही अट सुटली. परवाना असलेले गाइड आजही आहेत आणि त्यांना मान आहे, पण परवान्याशिवाय काम करणं गुन्हा राहिला नाही. प्रवास किंवा हॉटेलचं बुकिंग करून द्यायचं तर ट्रॅव्हल कंपनीची नोंदणी लागते. आम्ही चालत फिरवतो, म्हणून त्यातून सुटलो. मला तोवर कायमचा रहिवास मिळालेला होता, त्यामुळे व्हिसासाठी ५० लाख येन भांडवल दाखवायची गरज नव्हती. आता ऑक्टोबर २०२५ पासून तोच आकडा तीन कोटी झाला आहे. आज कुणी भारतातून येऊन असं काही सुरू करू म्हणालं तर मी आधी हा आकडा सांगते, बाकीचं नंतर. कंपनी आम्ही गोदो-काइशा, म्हणजे एलएलसीसारख्या साध्या प्रकारची काढली. नोंदणीचा कर ६० हजार येन, तर काबुशिकी-काइशाला, म्हणजे शेअर्सवाल्या कंपनीला, कमीत कमी दीड लाख. दोन माणसांच्या दुकानाला आणखी काय लागतं?

काकासान नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी होकार दिला, पण आपल्या अटींवर. एका वेळी चारच पाहुणे. शुक्रवार-शनिवार बंद. सहाला सुरुवात, म्हणजे रोजची गिऱ्हाइकं आठ-नऊला येईपर्यंत आपण बाहेर. एका ठिकाणी पाऊण तास. प्रत्येकाने काहीतरी प्यायलाच हवं, दारू नको असेल तर उलोंग चहा, पण रिकामं बसायचं नाही. आणि बारकडून कमिशन घ्यायचं नाही. ही शेवटची अट मला तेव्हा जाचली होती. या धंद्यात कमिशन सर्रास चालतं, आणि आमची मिळकत तशीही बारीकच होणार होती. पण पुढे बघितलं की कमिशन न घेणाऱ्याला मास्टर स्पष्ट सांगू शकतो, "आज नको, आज माझा एक जुना माणूस येणार आहे." आम्ही मुकाट दुसरीकडे वळतो. पैसे घेतले असते तर हे बोलणं तो टाळत राहिला असता आणि एक दिवस आमचा फोन उचलणंच बंद केलं असतं.

आमचे बहुतेक पाहुणे पुण्या-मुंबईचे, काही अमेरिकेतले मराठी, आणि त्यांच्यातले निदान निम्मे कुठल्या ना कुठल्या प्रकारे शाकाहारी. जपानी खाण्यात अडचण तुकड्यांची नसते, पाण्याची असते. ओदेन म्हणजे रश्श्यात शिजवलेले तुकडे, त्या रश्श्यात मासा; आगेदाशी म्हणजे तळलेल्या टोफूच्या रश्श्यात मासा. हियायाक्को म्हणजे थंड टोफू, बिचारा निर्दोष दिसतो, तर वर कात्सुओबुशीचे, म्हणजे सुकवलेल्या माशाचे पापुद्रे भुरभुरलेले. बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅम. मग आमची यादी तयार झाली: एदामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, थंड टोमॅटो, काकडीबरोबर मोरोमी मिसो ही सोयाबीनची चटणी, पापुद्र्यांशिवाय टोफू, मीठ लावून भाजलेल्या शिशितो मिरच्या. मिरच्या ज्या जाळीवर भाजतात तिच्यावर आत्ताच कोंबडीची काळजं भाजलेली असतात, हे मी बुकिंगच्या वेळीच सांगते. ज्यांना चालत नाही त्यांना ओमोइदे योकोचोला नेतच नाही. शिंजुकू स्टेशनच्या पश्चिमेच्या त्या गल्लीत धूरच आतड्यांचा असतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळ्या बाजारात धान्यावर, मांसावर नियंत्रण होतं, आतडी-काळजांवर नव्हतं, म्हणून ते पदार्थ तिथे रुजले. १९९९ मध्ये तिथला काही भाग जळाला, पुन्हा उभा राहिला. तिथे काकासान हॉप्पी पाजतात. १९४८ पासूनचं बिअरसारखं पेय, बिअर परवडत नसलेल्यांसाठी. बाटलीत जेमतेम ०.८ टक्के अल्कोहोल, ते शोचू या जपानी दारूवर ओतायचं. पेल्यातली शोचू संपली आणि बाटलीत हॉप्पी उरली, तर फक्त "नाका" म्हणायचं, नवी शोचू येते. हे एवढं एक आलं की आमचे काका लोक मालकाच्या थाटात ऑर्डर देऊ लागतात.

गुरुवारवाले, संकष्टीवाले, श्रावणवाले असतातच. त्यांच्यासाठी उलोंग चहा, आणि जपानात त्याबद्दल कुणी भुवई उंचावत नाही. वयाचा प्रश्न मात्र मजेदार निघतो. इथे २० पूर्ण झाली की पिता येतं. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि व्हिस्कीला २५. त्यामुळे बावीस वर्षांचा मुलगा बापाच्या मांडीला मांडी लावून हायबॉल (व्हिस्की-सोडा) घेतो आणि दोघांनाही कुठे बघावं ते कळत नाही. आई तेवढी निवांत असते. बऱ्याच लहान बारमध्ये सिगारेट अजून चालते, कारण एकटा मालक चालवत असेल तर टोकियोच्या २०२०च्या नियमात सूट आहे. दम्याचं कुणी असेल तर आधीच विचारून घेते. आणि 'रात्रीचं काही खास' दाखवाल का, असं विचारणाऱ्या मंडळींचा फोन मी ठेवून देते. काबुकिचोत तसल्या दलालांपासून सावध राहा म्हणून भोंग्यावरून दिवसरात्र सूचना चालू असतात, तेवढी त्यांना पुरे.

मार्च २०२० नंतर जपानचं दारच बंद झालं. २०२१ च्या सुरुवातीला लवकर बंद करणाऱ्या बारना दिवसाला ६० हजार येन मदत मिळायची, जागा मोठी असो की लहान. आठ खुर्च्यांच्या बारला ही रोजच्या गल्ल्यापेक्षा जास्त होती. आमच्या ओळखीच्या एका मास्टरने त्यातून छत दुरुस्त करून घेतलं. आम्हाला मात्र २०२० साली एकदा मिळालेल्या सरकारी अनुदानापलीकडे काही नाही. मी एका मालवाहतूक कंपनीत अनुवादाचं काम धरलं. काकासान आपल्या खिशातून बारमध्ये जात राहिले, म्हणजे जेव्हा उघडे असतील तेव्हा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सीमा खुल्या झाल्या, तेव्हा ज्या दारांतून आम्हाला पहिल्या आठवड्यात आत घेतलं, ती त्यामुळेच.

आणि मग लोंढा आला. २०२४ मध्ये जपानात परदेशी पर्यटक ३ कोटी ६८ लाखांवर गेले, त्यात भारतीय दोन लाखांच्या पुढे. येन पडलेला, त्यामुळे सगळ्यांनाच परवडतं. गोल्डन गाईच्या गल्ल्यांत परवानगीशिवाय फोटो काढू नका अशा पाट्या आहेत आणि त्या पाट्यांचेच फोटो काढतात. एका मोठ्या टूर कंपनीने आम्हाला रोज वीस माणसं द्यायची तयारी दाखवली. नवरा म्हणाला, घे. मी कागद घेऊन बसले. पाहुण्यामागे आम्ही १४ हजार येन घेतो. तीन ठिकाणची बसण्याची रक्कम, पेय आणि खाणं मिळून सहा-साडेसहा हजार थेट बारला जातात. चार पाहुण्यांत काकासानचा मोबदला आणि त्यांची स्वतःची बिलं वजा जाता कंपनीला जे उरतं, त्याला पाचाने गुणलं की आकडा छान दिसत होता. पण पाच गट म्हणजे पाच गाइड आणि एका संध्याकाळी पंधरा बार, तेही आठ-नऊच्या आत. आमच्याशी बोलणारे बार एवढे नाहीतच. नकार कळवला. घरात दोन दिवस जरा शांतता होती.

त्याऐवजी माणूस वाढवला. ही मुलगी निशी-कासाईतच वाढली, जपानी शाळेत शिकली, घरी मराठी. तिचं जपानी काकासानच्या तोंडात मारेल असं आहे, त्यांचंच म्हणणं ते. पण गल्लीत तिला कुणी ओळखत नाही, आणि ओळख करून दिल्याने होत नाही. म्हणून आठवड्यातून दोन संध्याकाळी तिने एकटीने, साधं गिऱ्हाईक म्हणून जायचं, एक-दोन पेयं घ्यायची, कामाचं बोलायचं नाही. बिल कंपनी देते. आमच्या कर सल्लागारांना हे पटवणं फार जड गेलं. कर्मचारी एकटी बारमध्ये बसते, समोर कुणी ग्राहक नाही, मग हा खर्च पाहुणचारात कसा घालायचा? प्रशिक्षणात घालायचा तर शिकवणारा कोण? शेवटी मी तिला प्रत्येक भेटीनंतर अर्धं पान लिहायला लावलं: कोण होतं, काय विषय निघाला, कुठला पदार्थ बिनमाशाचा मिळू शकेल. ते कागद बिलांना टाचून देतो.

एप्रिलपासून मंगळवार-बुधवारचा शिबुयातल्या नोम्बेई योकोचो या बारच्या गल्लीतला गट ती नेणार आहे. तिथल्या दोन मालकांनी आपणहून तिला विचारलं, म्हणून. गोल्डन गाई अजून काकासानकडेच. ते कधी सोडायचं हे तेच ठरवतील, आणि सध्या तरी त्यांचा तसा काही विचार दिसत नाही.