आधी डॉक्टर, मग प्रार्थना

व्यसन, घरची मारहाण अशा सगळ्यातून आलेल्या मुलींच्या एका निवासी केंद्रात आज दिवसभर होते. श्रद्धेवर आधारलेलं. पहाटे प्रार्थना, मग कामं, अभ्यास, समुपदेशन. मोबाइल ऑफिसच्या कपाटात.

नुसत्या प्रार्थनेने दारू सुटते का, असं मी तोंडावरच विचारलं. तिथल्या ताईंनी औषधांची वही पुढे सरकवली. नाव, गोळी, वेळ, सही. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो; म्हणून आधी डॉक्टर, मगच प्रवेश. ‘श्रद्धा कमी पडली’ म्हणत गोळ्या बंद करणाऱ्यांकडे मुलीला ठेवूच नये, हे माझं स्पष्ट मत. (दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या व्यसनमुक्तीच्या १२ पायऱ्यांतही देव आहे, पण ज्याला जसा उमगेल तसा.)

चादरींच्या घड्या घालणाऱ्या एकीला विचारलं, देव मानतेस?
‘अजून ठरलं नाही. प्रार्थनेत झोप येते. पण इथे कोणी अंगावर ओरडत नाही.’

खरी धाकधूक बाहेर पडल्यावरची. जुन्या ओळखी, जुना नंबर. दोघी लवकरच निघतायत आणि एकीला राहायला खोलीच मिळत नाहीये. कोणाच्या माहितीत असेल तर प्लीज इनबॉक्स करा.