आईची बोटं बघत बसलो, हार्ट राहूनच गेलं

आईला आमवात होऊन 14 वर्षं झाली, ऱ्हुमॅटॉइड वाला. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, दुधाची पिशवी कापायची तर कात्री दोन्ही हातांनी धरते, आणि जिच्या भाकरीला असा सुरेख पापुद्रा सुटायचा तिने परात कधीच बाजूला ठेवली. घरात सगळ्यांचं लक्ष त्या बोटांवरच.

मागच्या श्रावणात जिना चढताना ती मधेच थांबायला लागली. जबडा दुखतो म्हणायची. आम्हाला वाटलं आता जबड्याच्या सांध्यातही उतरलं. दाखवलं तिथेही ईसीजी कुणी काढला नाही, पेनकिलर वाढवून दिली. पंधरा दिवसांत अँजिओग्राफी, एक नस 90 टक्के बंद, स्टेंट.

मला खरं हलवलं ते वेगळंच, तिचं कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं हो! त्यावरच तर आम्ही निर्धास्त होतो. हार्टच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की आमवात जोरात असला की रक्तातलं कोलेस्टेरॉल उलट कमी दिसू शकतं आणि धोका मात्र वाढलेला असतो. युरोपातले संधिवाताचे तज्ज्ञ तर सांगतात की नेहमीच्या कोष्टकातून हार्टचा जो धोका निघेल त्याला अशा पेशंटसाठी 1.5 ने गुणा.

सूज म्हटलं की आपल्याला सुजलेला पाय दिसतो. पण आमवातातली ही सूज रक्तातून सगळीकडे फिरते. नसेच्या भिंतीत चरबी साचते, तिला खायला पांढऱ्या पेशी येतात आणि तिथेच फुगून अडकतात, त्या थरावर एक पातळ पापुद्रा असतो, सूज त्याला आतून कुरतडत राहते, तो फाटला की वर गुठळी, आणि मग अटॅक. म्हणजे नुसती चरबी साचून भागत नाही. 2017 साली कॅनाकिनुमॅब नावाच्या औषधाची ट्रायल आली, आधी अटॅक येऊन गेलेले 10,000 च्या वर पेशंट, औषध कोलेस्टेरॉलला हातही लावत नाही, फक्त सूज उतरवतं, तरी पुढचे अटॅक, स्ट्रोक वगैरे साधारण 15 टक्क्यांनी कमी झाले. जिवावरची इन्फेक्शन्स मात्र थोडी वाढली, त्यामुळे ते हार्टसाठी सर्रास देत नाहीत.

आणि पेनकिलर. डायक्लोफेनॅक आम्ही मेडिकलमधून पट्टीच्या पट्टी आणायचो, चिठ्ठीसुद्धा कुणी मागत नाही. त्यानेही अटॅकचा धोका वाढतो हे मला 14 वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. आमवातावरची मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी मात्र तिने कंटाळून दोनदा बंद केलेली, आणि सूज आटोक्यात ठेवणारी तीच होती.

काल मावशीची फाइल उघडली, तिलाही हेच दुखणं. सीआरपी, म्हणजे सूज किती आहे ते दाखवणारा रक्तातला आकडा, दर तीन महिन्यांनी लिहिलाय, 22, 31, 28. लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी, एकदाही नाही, बीपी एकदाच. सोमवारी तिला उपाशीपोटी लॅबमध्ये नेतोय, आणि तिथून सरळ ईसीजीला.